प्रश्न आधी ठरवा, मॉडेल मग निवडा

अपुऱ्या झोपेने माणसाची प्रतिक्रिया मंदावते. पण सगळ्यांची सारखीच मंदावते का? 18 जणांना रात्री तीनच तास अंथरुणात राहू देणाऱ्या एका अमेरिकी प्रयोगाची आकडेवारी मिश्र-परिणाम मॉडेल शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातून गेलेली असते. माणशी 10 दिवसांच्या नोंदी. प्रतिक्रियेच्या वेळेत रोज सरासरी सुमारे 10 मिलिसेकंदांची वाढ. ही सरासरी म्हणजे स्थिर परिणाम. तिच्यापासून प्रत्येक जण किती दूर, हा यादृच्छिक परिणाम. मग दिवसागणिक वाढ दाखवणाऱ्या सगळ्यांच्या रेषांना एकच चढ द्यायचा की ज्याचा त्याला वेगळा? मॉडेलांची तुलना सुरू होते ती इथे.

2012 मध्ये ‘स्टॅन’ हे सॉफ्टवेअर आले, पाठोपाठ त्यावर चालणारे ‘बीआरएमएस’ आले आणि बेझीय मॉडेल एका ओळीच्या सूत्रावर बसवता येऊ लागले. तुलनेचे आकडेही तितक्याच सहज मिळू लागले. अडचण ही की ते आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि शोधनिबंधांत मात्र ती एकाच प्रश्नाची असल्यासारखी छापली जातात.

यातला एक आकडा बेझ गुणक; त्याची परंपरा हॅरल्ड जेफ्रीज यांची. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक व. शं. हुजूरबाजार यांचे ते केंब्रिजमधले गुरू. हाती आलेली आकडेवारी कोणत्या मॉडेलने आधीच जास्त नेमकी वर्तवली होती, हे हा गुणक सांगतो. त्यामुळे आधीचा अंदाज, म्हणजे प्रायर, इथे निर्णायक ठरतो. झोपेच्या प्रयोगात व्यक्तींच्या चढांचे प्रमाण विचलन सहा मिलिसेकंदांच्या आसपास निघते. तिथे शेकडो मिलिसेकंदांना वाव देणारा ऐसपैस प्रायर ठेवला, की वेगळ्या चढांच्या मॉडेलचे भाकीत विरळ होते आणि साधे मॉडेल फुकटात वरचढ ठरू लागते.

दुसरी वाट क्रॉस-व्हॅलिडेशनची, म्हणजे काही नोंदी वगळून उरलेल्यांवरून त्या वर्तवून पाहण्याची. 2017 मध्ये वेहतारी, गेलमन आणि गॅब्री यांनी मॉडेल पुन्हा पुन्हा न बसवता एकेक नोंद वगळून पाहण्याची भरवशाची रीत दिली. कुठे भरवसा ठेवू नये, हेही ती सांगते. पण वगळायचे काय? एक नोंद वगळली, तर त्या माणसाच्या उरलेल्या नऊ नोंदी त्याचा चढ सांगून टाकतात. अख्खा माणूस वगळला, तर त्याच्याबद्दल हाती काहीच उरत नाही; वेगळ्या चढांचे मॉडेल मग फक्त अनिश्चितता किती, हे अधिक प्रामाणिकपणे सांगते. शिवाय एका झटक्यात इतके वगळले की ही झटपट रीत बऱ्याचदा कोलमडते आणि मॉडेल नव्याने बसवावे लागते. ओळखीच्या रुग्णाचे पुढचे माप वर्तवायचे की दारात आलेल्या नव्या रुग्णाचे, हे संशोधकानेच ठरवायला हवे. सॉफ्टवेअर मुकाट्याने पहिला पर्याय धरते.

परिणाम नाहीच असे मानणारे, तुलनेसाठीचे शून्य मॉडेल कोणते, हाही वाद जुनाच. मॉडेलमधून सरासरी परिणाम वगळताना व्यक्तीव्यक्तींतला फरक ठेवला, तर ‘सरासरी शून्य आहे का’ एवढेच विचारले जाते. दोन्ही एकदम वगळले, तर प्रश्न बदलतो: कोणावर तरी परिणाम झाला का?

माझ्या मते, चढांत अजिबात फरक नाही असे मुळात कोणी मानतच नसेल, तर तिथे विजेता निवडण्याचा अट्टहास सोडावा; मोठे मॉडेल ठेवून फरक किती, ते सांगावे. निवड करायचीच असेल, तर भाकीत कोणासाठी, प्रायर कोणता आणि तो बदलल्यावर निकाल किती हलतो, या तीन गोष्टी निबंधात असायला हव्यात. त्या नसतील, तर परीक्षकाने निबंध परत पाठवावा.