विंचवाचे शोधनिबंध कसे वाचावेत?

 

आपल्याकडे व्याख्यानमालेत समीक्षा म्हटली की ती कादंबरीची असते, नाटकाची असते. मीही आज समीक्षाच करणार आहे, पण शोधनिबंधांची. हे निबंध इंग्रजीत आहेत, लंडनच्या नियतकालिकांत छापून आलेत, आणि त्यांतले रुग्ण मात्र कोकणातले आहेत. भात कापताना, गडग्याचा दगड हलवताना, लाकूडफाटा ओढताना ज्यांना विंचू चावला, ती माणसं. म्हणजे मजकूर आपला आहे आणि वाचक परके. हा हिशेब थोडा सरळ करावा, एवढाच आजचा हेतू. मी डॉक्टर नाही; आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. तेव्हा औषध कोणतं घ्यावं हे मी सांगणार नाही. पुरावा किती पक्का आहे, तेवढं बोलेन.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्याला ठाऊक आहेत. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचं आत्मचरित्र अनेकांनी वाचलंय. वर्तमानपत्रांत त्यांची गोष्ट साधारण एका ठशात येते : गरीब घरचा मुलगा, खेड्यातला दवाखाना, विंचवावर औषध शोधलं, जगानं दखल घेतली. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात एक गफलत होते. माणूस मोठा होतो आणि पद्धत गायब होते. ‘औषध शोधलं’ या दोन शब्दांत दहा-बारा वर्षांचं काम गडप होतं. शिवाय ते औषध त्यांनी शोधलेलं नाहीच. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी आधीपासून बाजारात होती. मग त्यांनी केलं काय?

पहिलं काम पाहण्याचं. १९७६ च्या सुमारास ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाचा रुग्ण रात्री यायचा आणि धडधाकट माणूस काही तासांत तोंडाला फेस येऊन जायचा. पुस्तकांत याचं धड उत्तर नव्हतं. त्यांनी रुग्णाशेजारी बसून तासातासाची नोंद ठेवली : घाम कधी फुटला, उलटी कधी झाली, हातपाय गार कधी पडले, नाडी काय, रक्तदाब काय. त्यातून १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक छोटा निबंध आला. त्याचा विषय होता हृदयावर परिणाम होणार याची आगाऊ सूचना देणारी लक्षणं : दरदरून घाम, उलट्या, लाळ, गार पडलेले हातपाय, पुरुषांत लिंगाची ताठरता. ज्याला फक्त ठणका आहे, तो ओरडतो, तळमळतो, पण बहुधा सुखरूप घरी जातो. ज्याचा घाम थांबत नाही आणि हातपाय बर्फासारखे आहेत, तो शांत पडला असला तरी धोक्यात आहे.

समीक्षक म्हणून मला हा निबंध सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यात औषध नाही, विजय नाही. पण कोणत्या रुग्णाजवळ रात्रभर बसायचं, हे त्यानं सांगितलं. याला यंत्र लागत नाही. एक घड्याळ, रक्तदाबाचा पट्टा आणि झोप मोडायची तयारी, एवढ्यावर हे होतं. आणि कोकणात लोक ओरडणाऱ्या रुग्णाकडेच धावतात, म्हणून तर ही नोंद जास्त महत्त्वाची.

दुसरं काम जोडणीचं. विंचवाचं विष मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं आणि शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. हृदय बंद दारावर धडका मारावं तसं पंप करत राहतं आणि थकतं. मग फुफ्फुसात पाणी साचतं. तो फेस हाच. त्या काळी स्टेरॉइड, ॲट्रोपिन, झोपेची इंजेक्शनं असं बरंच काही दिलं जाई. ॲट्रोपिननं लाळ थांबायची, दिसायला बरं वाटायचं, पण आतलं वादळ उलट वाढायचं. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइडचं सलाइन वापरलं. त्यानं आवळलेल्या वाहिन्या सैल होतात. उपयोग झाला, पण त्याला मिनिटामिनिटाला लक्ष लागतं, खेड्यात ते कठीण. त्याच कामाची पोटात घेता येईल अशी गोळी म्हणजे प्राझोसिन. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच हे प्रसिद्ध झालं.

इथपर्यंत कौतुक. आता खरी समीक्षा.

गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी ३० टक्क्यांच्या आसपास होतं आणि प्राझोसिननंतर ते एक-दोन टक्क्यांवर आलं, असं सांगितलं जातं. आकडे लेखागणिक थोडे हलतात, पण उतार मोठा आहे, यात वाद नाही. प्रश्न असा, की हा सगळा उतार गोळीचा का? ही तुलना ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांची आहे. मधल्या वर्षांत आणखीही काही बदललं. रस्ते झाले, गाड्या वाढल्या, फोन आले. मांत्रिकाकडे जाणारा माणूस आधी दवाखान्यात येऊ लागला. आणि औषध आहे अशी बातमी पसरली, की सौम्य दंशाचे रुग्णही दवाखान्यात येतात. ते एरवीही वाचलेच असते, पण बेरीज मात्र औषधाच्या खात्यात होते. जुन्या रुग्णांशी नव्यांची तुलना केली की हा दोष येतोच. वर्गात मी मुलांना सांगायचो : गेल्या वर्षीच्या पावसाशी यंदाच्या खताची तुलना करू नका.

याच्यावरचा उपाय जगाला १९४८ पासून माहीत आहे. ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली तेव्हा १०७ रुग्ण होते. कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. औषधच अपुरं होतं, सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं; म्हणून ते नैतिकही ठरलं. आपल्या महाराष्ट्रात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी हा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. चिठ्ठ्या तिथंही नव्हत्या. पण तेव्हा-आताची तुलना न करता इथली-तिथली, एकाच काळातली तुलना होती. म्हणून १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला नवजात मृत्यूदरातला ६२ टक्के उतार मोडून काढणं टीकाकारांना अवघड गेलं.

मग बावस्करांनी १९८६ लाच चिठ्ठ्या का टाकल्या नाहीत? माझं मत असं : टाकायला नको होत्या. समोर फेस येऊन माणूस जातोय, हातात स्वस्त गोळी आहे, तिचं काम शरीरशास्त्राला धरून आहे, आणि दिल्यावर तासाभरात हातपाय गरम होताना दिसतायत. तिथे अर्ध्या रुग्णांना गोळी नाकारणं हे विज्ञान झालं नसतं. पुढे इतर प्रांतांतल्या डॉक्टरांनाही प्राझोसिनचा गुण आला, हा पुरावा वेगळा. तेव्हा माझा निष्कर्ष असा, की गोळी काम करते हे पक्कं. पण उताराचा नेमका किती वाटा तिचा, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. हे दोन्ही एकदम म्हणता यायला हवं. आपल्याकडे एक तर आरती होते, नाही तर चिरफाड.

तिसरा टप्पा जास्त रंगतदार आहे. लाल विंचवाची प्रतिलस आली तेव्हा प्रश्न पडला, की आता गोळीची गरज आहे का? लस विषाला रक्तात पकडते. पण जे विष आधीच जाऊन बसलंय, त्यानं उठवलेलं वादळ ती शमवत नाही. बाहेरदेशी काय दिसलं होतं? १९९९ मध्ये ट्युनिशियातल्या ८२५ रुग्णांवरच्या चाचणीत लस सरसकट दिल्यानं काही फायदा दिसला नाही. २००९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात फक्त १५ अत्यवस्थ मुलांवर चाचणी झाली. लस दिलेली आठच्या आठ मुलं चार तासांत लक्षणमुक्त झाली, उरलेल्या सातांतलं एकच. ८२५ मध्ये गुण नाही आणि १५ मध्ये डोळे दिपवणारा गुण, हे कसं? ट्युनिशियात चावलेले सगळे घेतले होते, त्यांत बहुतेक सौम्य. ॲरिझोनात फक्त गंभीर. शिवाय विंचूही वेगळे, विषाची तऱ्हाही वेगळी. शोधनिबंधात आधी काय वाचायचं, तर हे : कोणाला घेतलं? निष्कर्ष त्यानंतर.

आता महाड. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बावस्करांचा निबंध आला. ७० रुग्ण, लक्षणं अंगभर पसरलेली, पण फुफ्फुसात पाणी झालेलं नाही असे. निम्म्यांना प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन अधिक लस. वाटणी चिठ्ठीच्या तत्त्वानं. गोळीपासून कोणालाच वंचित ठेवलं नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. दहा तासांनी पूर्ण बरे : लसवाल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवाल्यांत ३५ पैकी ८. बरं व्हायला सरासरी एकीकडे ८ तास, दुसरीकडे १७.७ तास.

फरक घसघशीत आहे. तरी तीन गोष्टी बोलायला हव्यात. एक, कोणाला लस दिलीय हे डॉक्टरला आणि रुग्णालाही माहीत होतं. घाम थांबला का, हे ठरवताना मन कळत नकळत झुकू शकतं. दोन, हे एकाच रुग्णालयातलं काम आहे. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं : रुग्ण पुढच्या गंभीर अवस्थेत जाण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. म्हणजे लसीनं माणूस लवकर बरा होतो हे दिसलं; लसीनं जीव जास्त वाचतात, हे या प्रयोगात दिसलेलं नाही. हा फरक निबंधात स्पष्ट आहे, पण गावोगावच्या गप्पांत तो पुसला जातो. २०१४ मध्ये पुद्दुचेरीच्या जिपमेरमधून ५० मुलांवरचा असाच अभ्यास आला आणि लस अधिक गोळीनं मुलं लवकर सावरतात हे तिथंही दिसलं. दुसऱ्या गावच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तेच पाहिलं, की माझ्यासारख्याचा दुसरा आक्षेप बराचसा निवतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकून देवरुखात आम्ही करायचं काय? मला वाटतं, इथेच या निबंधांचं खरं मोल कळतं. समजा, संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या आडवाडीत रात्री विंचू चावला. रिक्षा मिळवून, घाटी उतरून रुग्ण जवळच्या आरोग्य केंद्रात आला. तिथे लस असेलच असं नाही. ती थंडाव्यात ठेवावी लागते, महाग असते. पण गोळी कपाटात राहते आणि काही रुपयांची असते. गंभीर अवस्था टाळण्यात दोन्ही गट सारखे होते, या वाक्याचा अर्थ आपल्यासाठी असा, की लस नाही म्हणून नुसतंच मोठ्या गावाला पाठवू नका. गोळी लगेच सुरू करा, रुग्णाला आडवं ठेवा आणि मग पाठवायचं तर पाठवा. आडवं का? या गोळीनं रक्तदाब एकदम उतरू शकतो आणि उभा राहिलेला माणूस कोसळतो. हे डॉक्टरांचं काम, घरी करायचं नाही. आपण करायचं ते एवढंच, की मंतरलेल्या पाण्यात आणि उतारा टाकण्यात पहिला तास घालवायचा नाही. एकनाथांच्या भारुडातला विंचू गाण्यानं उतरतो. गडग्यातला उतरत नाही.

या निबंधांत मला एक उणीव मात्र सलते. त्यांत रुग्ण किती तासांनी आला हे आहे. तो उशिरा का आला, हे नाही. रात्री गाडी नव्हती, की पैसे नव्हते, की बाईमाणसाचं दुखणं सकाळपर्यंत थांबेल असं घरच्यांना वाटलं? उपचार सुधारण्याचं संशोधन गोळीपाशी संपत नाही, ते या प्रश्नापर्यंत यायला हवं. आणि याला लंडनची गरज नाही. या गावात १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे यांनी, आपल्या मावशींनी, मातृमंदिर उभं केलं. सेवा म्हणजे काय, हे देवरुखला बाहेरच्यानं येऊन सांगायला नको. त्या सेवेला नोंदवहीची जोड द्यावी, एवढीच विनंती. चावला किती वाजता, दवाखान्यात पोचला किती वाजता, मध्ये काय झालं, पहिली गोळी कधी मिळाली. चार रकाने. शिक्षक, आशाताई, महाविद्यालयातली मुलं हे करू शकतात. नाव-गाव न लिहिता, विचारून, संमती घेऊन. दोन पावसाळे नोंद ठेवली, तर आपल्या तालुक्यात माणूस विषानं जास्त अडतो की वाटेत, हे आपल्याला कळेल. बिरवाडीतही सुरुवात नोंदीपासूनच झाली होती.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, डॉक्टर मंडळी समोर बसलीच आहेत. माझं काही चुकत असेल तर त्यांनी इथेच सांगावं.