पोथी, बाड व बीड : कॉकरेलकृत बांधणीग्रंथाचें परीक्षण

डग्लस कॉकरेल याचा ‘बुकबाइंडिंग अँड द केअर ऑफ बुक्स’ हा ग्रंथ इ. स. १९०१ सालीं लंडन येथें प्रथम प्रसिद्ध झाला. इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आज कां, असा प्रश्न वाचक करतील. त्याचें उत्तर असें कीं, हा ग्रंथ अद्यापि मेलेला नाहीं. हातबांधणी शिकूं इच्छिणारा हौशी मनुष्य, मग तो पुण्याचा असो वा नांदेडचा, फिरून फिरून ह्याच ग्रंथापाशीं येतो. ग्रंथकार १९४५ सालीं वारल्यामुळें त्यावरील स्वामित्वाचा हक्कहि आतां उरलेला नाहीं, आणि ग्रंथ कोणासहि सहज मिळतो. संग्राहकांच्या कपाटांतील कित्येक जुन्या पोथ्या ह्याच ग्रंथांतील रीतीनें, किंवा त्या रीतीच्या अपभ्रष्ट नकलेनें, बांधिल्या जातात. ग्रंथ उत्तम आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तो आमच्या पोथीकरितां लिहिलेला नाहीं, आणि हें ध्यानांत न घेतां त्याचा उपयोग केल्यास होणारी हानि कोणत्याहि उपायानें भरून येत नाहीं.

कॉकरेल हा कॉब्डन-सँडर्सन याच्या डव्हज बांधणीशाळेंत तयार झालेला कारागीर. पुढें त्यानें स्वतःचा कारखाना काढिला व लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स ह्या शाळेंत बांधणी शिकविली. लेथाबी यानें संपादिलेल्या कलाकौशल्याच्या पुस्तकमालेंत हा ग्रंथ निघाला. एडवर्ड जॉन्स्टन याचा सुलेखनावरील सुप्रसिद्ध ग्रंथहि १९०६ सालीं त्याच मालेंत आला. आकृत्या नोएल रूक याच्या आहेत. त्या इतक्या स्वच्छ आहेत कीं, सुई कोठून आंत जाते व कोठून बाहेर येते हें मजकूर न वाचतांहि समजतें. शिक्षक म्हणून ग्रंथकाराचा प्रामाणिकपणा प्रास्ताविकांतच दिसून येतो. नुसते ग्रंथ वाचून कोणी कारागीर होत नाहीं. ज्याचा हात अगोदर बसलेला आहे त्याला मात्र निराळी रीत दाखविणारा ग्रंथ उपयोगी पडेल, असें तो स्वतःच सांगतो. आमचे हौशी वाचक नेमकें हेंच पान वगळतात!

आतां मुख्य मुद्दा. कॉकरेलच्या समग्र शास्त्राचा पाया एका गोष्टीवर आहे, ती म्हणजे दुमडलेला ताव. ताव दुमडून जुज करावयाचा, जुजाच्या घडींतून दोरा न्यावयाचा, तो पाठीवरील आडव्या दोऱ्यांभोंवतीं गुंडाळावयाचा, पाठ गोल ठोकावयाची, त्याच दोऱ्यांचीं टोंकें पुठ्ठ्यांत ओवावयाचीं व वर चामडें चढवावयाचें. ह्या मालिकेंतील प्रत्येक पायरी पहिलीवर उभी आहे. आमच्या पोथीला घडी नाहीं. तिचें प्रत्येक पान सुटें, आडवें, खळ देऊन शंखानें किंवा गोट्यानें घोटलेलें व म्हणून ताठ असतें. वर-खालीं दोन फळ्या, भोंवतीं बासन आणि त्यावर दोरी, ही तिची बांधणी. ती अपुरी बांधणी नव्हे. लेखकांच्या समाप्तिश्लोकांत पोथीच स्वमुखानें तेलापासून, पाण्यापासून व शिथिल बंधनापासून रक्षण करण्याची विनवणी करते, हें वाचकांस ठाऊकच आहे. ह्या ‘शिथिल बंधना’चा आधार घेऊन पोथी शिवावी असें प्रतिपादणारे विद्वान् आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, तेथें बंधन म्हणजे बासनावरची दोरी. ती सैल राहिली कीं पानें एकमेकांवर घसरतात, कडा झिजतात, धूळ व कसर आंत शिरते. दोरी आंवळून बांधावी एवढाच त्या विनवणीचा अर्थ आहे. शिवणीचा तेथें संबंध नाहीं.

शिवल्यानें काय होतें तें पाहूं. पोथीचें पान वाचून झालें म्हणजे आपण तें डावीकडे उलटीत नाहीं. खालची कड उचलून वर नेतों. म्हणून मागील पृष्ठावरील लेखन पुढील पृष्ठाच्या मानानें बहुधा उलटें असतें. पुढची खालची कड तीच मागची वरची कड. अशीं पानें इंग्रजी पुस्तकाप्रमाणें डाव्या कडेस शिवलीं कीं एक पृष्ठ सुलटें व दुसरें उलटें, असा चमत्कार होतो, आणि वाचकास दर पानागणिक सगळें पुस्तक फिरवावें लागतें. अशी बांधलेली पोथी हातीं आली म्हणजे समजावें कीं, बांधणाऱ्यानें ती एकदांहि वाचावयास घेतली नव्हती. बरें, घडी नसल्यामुळें शिवण घालावयाची ती कडेवरून, म्हणजे समास खाऊनच. घोटलेला कागद शिवणीपाशीं वांकत नाहीं, मोडतो. दहा-वीस वेळां उघडल्यावर पान शिवणीच्या रेघेवर तुटून पुन्हां सुटें होतें, मात्र आतां एक कड गमावून. दुसरा उपाय प्रत्येक पानास पातळ कागदाची पट्टी चिकटवून ती पट्टी शिवण्याचा. तो कमी घातक, पण शेंदोनशें पानांच्या पोथीस तेवढ्याच पट्ट्या लागून पाठ फुगते, आणि खळीचें ओझें पोथीवर कायमचें बसतें.

समासाची गोष्ट संशोधकांच्या दृष्टीनें सर्वांत गंभीर आहे. पोथीच्या समासांत पानाचा अंक व ग्रंथनामाचें संक्षिप्त रूप, म्हणजे हुंडी, असते. शोधपाठ व टिपाहि तेथेंच. बांधणीकार कडा ‘सारख्या’ करण्यासाठीं कातरी चालवितो ती नेमकी येथें. कॉकरेलवर हा दोष येत नाहीं. हस्तलिखितांच्या व आरंभींच्या छापील ग्रंथांच्या कडा मुळींच कापूं नयेत असें तो निक्षून सांगतो. जुन्या मौल्यवान् ग्रंथाची फेरबांधणी ही नाइलाजाची गोष्ट आहे आणि दुरुस्तीनें किंवा पेटी करून भागत असेल तर ती टाळावी, असाहि त्याचा अभिप्राय आहे. त्याची नक्कल करणाऱ्यांनीं कृति तेवढी उचलली व निषेध सोडून दिला. नांदेड जिल्ह्यांत माहुरासारखें, दत्तात्रेयांच्या नात्यानें महानुभावांस पूज्य असलेलें स्थान आहे. महानुभावांचे ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिलेले. बांधणीकारास ती लिपि येत नाहीं, बहुधा मालकासहि येत नाहीं. अशा ठिकाणीं समासांतील अंक गेला तर पानांचा क्रम पुन्हां लावण्यास कोणता आधार उरतो?

ह्या प्रांतांत शिवलेले ग्रंथ नव्हतेच असें मात्र कोणी समजूं नये. कीर्तनकारांचीं व रामदासी मठांचीं बाडें शिवलेलीच असतात. पुष्कळ बाडें वरच्या आंखूड कडेस शिवलेलीं, वर उलटत जाणारीं, काखेंत मारून नेण्याजोगीं. ज्याला उभें राहून, प्रसंगीं प्रवासांत, पद काढावयाचें त्याला सुट्या पानांची पोथी निरुपयोगी. म्हणून बाडाची शिवण त्याच्या धंद्यांतून निघाली. तिसरा प्रकार नांदेडचा विशेष आहे. गुरु गोविंदसिंहांनीं १७०८ सालीं येथेंच ग्रंथसाहिबास गुरुपद दिलें असें शीख परंपरा मानते. ग्रंथसाहिबाच्या प्रतीस ‘बीड’ म्हणतात (बीड जिल्ह्याशीं ह्या शब्दाचा संबंध नाहीं) आणि त्या शब्दांतच एकत्र बांधण्याचा अर्थ आहे. गुरु अर्जुनदेवांनीं मूळ ग्रंथ बांधणीकरितां भाई बन्नो याच्या हातीं लाहोरास पाठविला व वाटेंत त्यानें त्याची नक्कल करून घेतली, ही कथा प्रसिद्ध आहे. कथेची ऐतिहासिक चिकित्सा येथें प्रस्तुत नाहीं. परंतु एका धर्मग्रंथाच्या पाठभेदांचा उगमच बांधणीच्या प्रवासांत सांगितला जातो, हें पाठचिकित्सकांनीं विसरूं नये. बीड जुजांची, शिवलेली, पुठ्ठ्यांची, तिच्यावर रुमाला. आमच्या मोडी कागदांच्या गठ्ठ्यासहि आपण रुमालच म्हणतों. एकाच गोदातीरीं हा शब्द दोन अर्थांनीं नांदतो, हें सहज आठवलें म्हणून सांगितलें.

जुज, जिल्द, जिल्दसाज हे शब्द आम्हांस फारसीच्या द्वारें मिळाले, आणि १९४८ पर्यंत निजामी अंमलाखालीं असलेल्या ह्या भागांत फारसी-अरबी हस्तलिखितांचीहि वाण नव्हती. त्या हस्तलिखितांस कॉकरेलचें शास्त्र वरवर पाहतां लागू पडेल, कारण तेथें घडी आहे. पण त्या जिल्दीची पाठ सपाट असते, पुठ्ठे पानांच्या कडेशीं बरोबर भिडलेले असतात, पाठीवर उंचवटे नसतात. तीस गोल ठोकून उंच पट्टे काढले तर ग्रंथ टिकेलहि, पण तो कोठला व कोणत्या परंपरेंतला हें सांगणारी खूण नाहींशी होईल. जवळच अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे: सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा वस्त्रावर लिहिलेला ग्रंथ! तिच्यासाठीं कॉकरेलपाशीं प्रकरण नाहीं, व असावें अशी अपेक्षाहि अन्यायाची होईल.

चामड्यावरील प्रकरण आमच्या मतें ग्रंथांतील सर्वांत मोलाचें. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स ह्या संस्थेनें १९०० सालीं बांधणीच्या चामड्याची चौकशी करण्यास समिति नेमिली होती. कॉकरेल तिचा सभासद होता. एकोणिसाव्या शतकांतील चामडीं भुकटी होऊन कां गळतात, ह्याचें एक मुख्य कारण समितीला रंगकामांत वापरलेल्या गंधकाम्लांत सांपडलें. कमावण्याच्या द्रव्यांत तिनें सुमाकास पहिली पसंती दिली. आणि हिंदुस्थानांतून जाणारीं, ‘ईस्ट इंडिया’ किंवा ‘पर्शियन’ नांवानें विकलीं जाणारीं शेळ्यामेंढ्यांचीं कातडीं अत्यंत वाईट ठरविलीं. त्यांची बांधणी वर्षभराच्या आंतच बिघडूं लागल्याचीं उदाहरणें तिला आढळलीं होतीं. हीं कातडीं मुख्यतः तरवडाच्या सालीनें कमावलेलीं. मराठवाड्याच्या माळामाळांवर पिवळ्या फुलांनीं डंवरणारा तरवड तो हाच. हिरड्याचें कषायद्रव्य त्याहून टिकाऊ वर्गांतलें. तेव्हां ‘देशी कातडें’ एवढ्या शब्दावर समाधान न मानतां तें कशानें कमावलें आहे हें विचारून मगच घ्यावें, हा ह्या प्रकरणाचा आम्हांस उपयोग. देवघरांतील पोथीस तर चामडें चालतच नाहीं. आणि जेथें उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो, तेथें कापडी बासन व लांकडी फळी ह्यांनीं जें काम केलें तें चामड्यानें अधिक चांगलें केलें असतें असें म्हणण्यास आधार नाहीं.

खळीच्या बाबतींत मात्र ग्रंथकारास जसाच्या तसा मान्य करतां येत नाहीं. पिठाच्या खळींत तो तुरटीची पूड घालण्यास सांगतो. तुरटीनें कागदांत आम्लता येते व तो कालांतरानें ठिसूळ होतो, हें आतां सिद्ध झालें आहे. पण कॉकरेलला हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमचे बांधणीकार कसर लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालीत आले, आणि तांब्याचे क्षार कागदाची झीज वाढवितात. पोथीसाठीं तुरटीहि नको, मोरचूदहि नको. स्वच्छ पिठाची किंवा तांदुळाची ताजी खळ, तीहि शक्य तितकी थोडी.

ह्या ग्रंथांत खरी उणीव आहे ती एकच, आणि ती कॉकरेलनें स्वतःच पुढें भरून काढिली. ग्रंथ सोडवितांना जें दिसतें तें टिपून ठेवावें, हें तो १९०१ सालीं विद्यार्थ्यास पुरेसें ठासून सांगत नाहीं. ब्रिटिश म्युझियमनें १९३३ सालीं १ लाख पौंड देऊन कोडेक्स सिनाइटिकस हें ग्रीक बायबलाचें प्राचीन हस्तलिखित विकत घेतलें. त्याची बांधणी १९३५ सालीं कॉकरेलकडे आली. आणि १९३८ सालीं मिल्न व स्कीट ह्यांनीं त्या हस्तलिखितावर जो ग्रंथ लिहिला त्यांत कॉकरेलचेंहि लेखन आहे. बांधणीकार येथें संशोधकाच्या शेजारीं साक्षीदार म्हणून बसला. पोथीच्या बाबतींत ही साक्ष किती बोलकी असते! किड्याचें भोंक सलग दहा पानांतून गेलें असेल व अकराव्यांत नसेल, तर तें पान मागाहून तेथें आलें. बाडाच्या कडेस दोऱ्याच्या भोंकांच्या दोन रांगा असतील तर तें एकदां उसवून पुन्हां शिवलें आहे, आणि मधलीं पदें कोणी केव्हां घातलीं हा प्रश्न उभा राहतो. फेरबांधणीनें हीं भोंकें बुजतात किंवा कापलीं जातात. तीं एकदां गेलीं म्हणजे कोणत्याहि छायाचित्रावरून परत येत नाहींत, कारण छायाचित्र घेणाराहि बहुधा मजकुराचेंच घेतो.

शिक्षणाचा प्रश्न येथेंच येतो. आमच्याकडे मोडीचे वर्ग चालतात. २००३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशनमुळें जतनाचे वर्गहि निघाले. परंतु मोडी शिकणाऱ्याच्या हातीं सुई नसते व बांधणी शिकणाऱ्यास पोथी वाचतां येत नाहीं. कॉकरेलचा ग्रंथ ह्या दोघांस एकत्र बसवून शिकविला तर तो आजहि अमोल आहे. त्यांतील क्रम मात्र उलटावा लागेल. विद्यार्थ्यानें प्रथम फळी तासून पोथीच्या मापाची करावी, बासन शिवावें, पानें मोजून हुंडी व अंक वहींत उतरावे, मग कोऱ्या कागदाचें एक बाड स्वतः शिवून पाहावें, जुजबंदी त्यानंतर. चामड्यापर्यंत जाण्याची गरज दहांतून एकास पडेल. मराठींत हा ग्रंथ कोणी उतरणार असेल तर सुट्या पानांच्या पोथीवर एक नवें प्रकरण त्यानें आरंभींच घालावें, आणि त्यांत दोन आकृत्या तरी असाव्या: पान वर कसें उलटतें त्याची एक, व बासनाची शेवटची गांठ कशी मारावी त्याची दुसरी. रूकच्या तोडीचा चित्रकार मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास ज्याच्या घरीं पोथी रोज सोडली व बांधली जाते अशा एखाद्या वृद्ध गृहस्थास समोर बसवून त्याच्या हातांचें चित्र काढावें.