नगाऱ्याच्या आवाजात दडलेला विनोद

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात लढाईच्या गोष्टींची वाण नाही. एका अंगाला रायगड, दुसऱ्या अंगाला प्रतापगड आणि पोलादपूरकडे तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. त्यामुळे दिग्पाल लांजेकरांचा तानाजींवरचा ‘सुभेदार’ (२०२३) हा सिनेमा सवसारख्या सावित्रीकाठच्या गावात परका वाटणारच नाही. पण ज्या पोरांच्या मोबाइलवर ‘सुभेदार’ असतो, त्याच मोबाइलवर आता जपानी ॲनिमेही असतात. दोन्ही लागोपाठ पाहिले की एक फरक खटकतो. चांगल्या ॲक्शन ॲनिमेतला विनोद काढून टाकला तर कथानक कोसळतं. आपल्याकडे तो काढला तर बहुतेक वेळा सिनेमा दहा मिनिटांनी आटोपशीर होतो.

‘स्पाय फॅमिली’ (२०२२) घ्या. एक हेर कामगिरीसाठी खोटं कुटुंब जमवतो. बायको मारेकरी निघते आणि दत्तक घेतलेली आन्या दुसऱ्याच्या मनातलं ऐकू शकते. म्हणजे घरातली सगळी गुपितं ठाऊक आहेत ती सर्वांत लहान पोरीला, आणि तिला त्यातलं अर्धंच कळतं. हेराला गाठायचाय एक पुढारी. त्यासाठी आन्यानं त्याच्या मुलाशी मैत्री करायला हवी. ती पहिल्याच दिवशी त्या मुलाच्या थोबाडात ठोसा हाणते. प्रेक्षक खदखदून हसतो आणि त्याच क्षणी बापाची मोहीम धोक्यात येते. हसू आणि पेच एकाच ठोशातून निघालेत.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधल्या एडवर्डच्या ठेंगणेपणाची थट्टाही अशीच. वरवर ती नेहमीची टिंगल. पण पुढे शंका येते, की भावाच्या हरवलेल्या देहाचं पोषणही हाच करत असेल, म्हणून तर वाढ खुंटली नसेल? ‘वन पंच मॅन’मध्ये नायक एकाच ठोशात जिंकणार हे आधीच ठाऊक. मग ताण कशाचा? तो वेळेवर पोचतो का, याचा. सगळंच ॲनिमे असं नेटकं असतं असं मात्र नाही. लांबलेल्या मालिकांत तोच विनोद पुन्हापुन्हा उगाळून भाग भरलेलेही दिसतात.

मराठीत हे जमलंच नाही असं कोण म्हणेल? महेश कोठाऱ्यांच्या ‘दे दणादण’मध्ये (१९८७) लक्ष्मीकांत बेर्डेंच्या हवालदाराला मारुतीकृपेनं बळ मिळतं, पण लाल रंग दिसला की ते जातं. एवढ्याशा अटीवर हाणामारी, पळापळ आणि फजिती सगळं तोललेलं आहे. ‘झपाटलेला’ची (१९९३) कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून उचललेली, हे खरं. पण त्यातला लक्ष्या बोलक्या बाहुल्यांच्या नादाचा आहे, ही भर मोलाची. बोलक्या बाहुल्यांच्या खेळात बाहुला बोलला तर कोणाला नवल वाटणार? त्यामुळे लक्ष्या जितका जीव तोडून सांगतो तितकं लोकांना ते हास्यास्पद वाटतं, आणि बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू मोकाट राहतो. कोठाऱ्यांना गल्लाभरू म्हणून हिणवणाऱ्या समीक्षेनं ही गुंफण नीट पाहिली नाही, असं माझं मत आहे.

नंतरच्या ऐतिहासिक लाटेत हा धागा पातळ झाला. ‘फर्जंद’मध्ये (२०१८) प्रसाद ओकांच्या बहिर्जी नाईकाला वेषांतरामुळे थोडी मोकळीक आहे, हेरगिरी आणि नकला तिथं एकत्र येऊ शकतात. पण एकूण धोरण सावध. वंदनीय माणसांच्या आसपास हसू नको, म्हणून ते एखाद्या गावरान मावळ्याकडे सोपवायचं आणि लढाई सुरू झाली की त्याला गप्प करायचं. वगातला सोंगाड्या असा कधी गप्प बसला नाही. राजासमोरही तो बोलतो आणि त्याच्या बोलण्यानं गोष्ट वळण घेते.

इतिहासाला तर हसण्याचं वावडं मुळीच नाही. ५ एप्रिल १६६३ च्या लाल महालावरील छाप्याची हकीकत खाफीखान या मोगल इतिहासकारानं दिली आहे. शिवाजी महाराजांचं कौतुक करण्याचं त्याला काही कारण नव्हतं. त्याच्या सांगण्यानुसार मराठे लग्नाच्या वऱ्हाडाचा परवाना काढून पुण्यात शिरले. पहारेकऱ्यांना कापताना, पहारा असा करतात काय, असं त्यांनी विचारलं. मग काही जण नगारखान्यात गेले आणि महालात उतरलेल्या मोगल सरदार शाएस्ताखानाचाच हुकूम असल्याचं सांगून त्यांनी नगारे वाजवायला लावले. त्या गदारोळात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. शत्रूचीच वाद्यं, शत्रूच्याच नावानं, शत्रूलाच बहिरं करायला! यात थट्टा कुठं संपते आणि डावपेच कुठं सुरू होतो, ते वेगळं काढता येत नाही. आपल्या ॲक्शनपटांत मात्र नगारे वाजतात ते बहुधा पार्श्वसंगीतात.