'बाहुली' आणि विध्यर्थ : बहाई वंशैक्य-विचाराची भाषा

बहाई धर्मातील वंशैक्यविषयक वाङ्मयाची चर्चा बहुधा त्यातील तत्त्वापाशीच थांबते. मानवजात एक आहे, हे तत्त्व उदात्त खरे. परंतु तत्त्वाच्या उदात्ततेवरून लेखनाचे मोल ठरत नाही. ऐक्याची भाषा नेहमी 'आपण सर्व' या शब्दांचा आश्रय घेते आणि त्यांच्या आड कोणी कोणास दुखावले, हा प्रश्न सहज गडप होतो. शोघी एफेंदी यांनी २५ डिसेंबर १९३८ रोजी अमेरिका व कॅनडा येथील बहाईंना उद्देशून लिहिलेले 'दि ॲडव्हेंट ऑफ डिव्हाइन जस्टिस' हे ग्रंथतुल्य पत्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदास कायद्याचेच पाठबळ होते.

पत्रात एक उपमा उद्धृत केली आहे. बहाउल्ला यांनी कृष्णवर्णीयांना शुभ्र भागाने वेढलेल्या डोळ्यातील काळ्या बाहुलीची उपमा दिल्याचे अब्दुल बहा सांगत. समोरच्या वस्तूचे प्रतिबिंब त्या काळेपणातच उमटते आणि आत्म्याचा प्रकाशही तेथूनच प्रकटतो, असा तिचा आशय. इंग्रजी 'प्यूपिल'मधील 'लहान बाहुली' हा लॅटिन अर्थ इंग्रजी वाचकास आज जाणवत नाही. उलट फारसीत बाहुलीस 'मर्दुमक', म्हणजे 'छोटा माणूस', आणि अरबीत 'इन्सानुल-ऐन', म्हणजे 'डोळ्यातील माणूस' म्हणतात. दुसऱ्याच्या डोळ्यात पाहणाऱ्यास स्वतःचीच इवली आकृती दिसते, त्यावरून ही नावे पडली. मराठी 'बाहुली' त्याच कुळातली. ज्यांचे माणूसपण गुलामगिरीने नाकारले, त्यांच्यासाठी 'माणूस' हा अर्थ पोटात बाळगणारी उपमा योजली जावी, यातील औचित्य इंग्रजी अवतारात हरवते.

तथापि उपमा गौरव करते. ती कोणाकडून काही मागत नाही. मागणी येते ती पुढील गद्यात, आणि पत्राचे खरे सामर्थ्यही तेथेच आहे. शोघी एफेंदी येथे 'आपण' म्हणत नाहीत, 'तुम्ही'ही म्हणत नाहीत. गौरवर्णीयांनी अमुक करावे, कृष्णवर्णीयांनी तमुक करावे, अशी तृतीय पुरुषी विध्यर्थाची दोन वाक्ये ते शेजारी शेजारी ठेवतात. पहिले वाक्य लांबच लांब आहे : गौरवर्णीयांनी नकळत मुरलेली श्रेष्ठत्वाची भावना टाकावी, उपकारकर्त्याचा आव सोडावा, सहज सहवासाने मैत्रीची सचोटी पटवावी, आणि प्रतिसाद मंद आला तर अधीर होऊ नये. दुसरे वाक्य आखूड आहे. ही असमानता शैलीचा अपघात नव्हे. वाक्याच्या लांबीतच ओझ्याची वाटणी झालेली आहे. उपकारकर्त्याच्या आवाला दोष म्हणून नाव देणे, हे तर त्या काळच्या सद्भावनापर लेखनात विरळाच.

परंतु त्या आखूड वाक्यातच पत्राचा कच्चा दुवा आहे. कृष्णवर्णीयांनी आपुलकीने प्रतिसाद द्यावा, भूतकाळ विसरण्याची तयारी दाखवावी, मनातील संशयाचा मागमूस पुसावा, असे ते सांगते. दीर्घकाळ सोसलेल्या, सावकाश भरणाऱ्या जखमांचा उल्लेख पत्रात आहे, पण तो गौरवर्णीयांच्या वाक्यात, त्यांच्या धीराचे कारण म्हणून. जखम ज्यांची, त्यांच्या वाक्यात ती नुसता 'भूतकाळ' होते. एकाच वस्तूची दोन वाक्यांत दोन नावे झाली आणि सौम्य नाव जखमीच्या वाट्यास आले. तयारी मागितली आहे, प्रत्यक्ष विस्मरण नव्हे, हा बचाव करता येईल. तो तोकडा आहे, कारण अपराधाची कबुली आधी की विस्मरण आधी, हा क्रम पत्र ठरवून देत नाही.

हा दोष काही अंशी भरून निघतो तो पत्रातील एका रुक्ष नियमामुळे. समाजाच्या निवडणुकीत मते समसमान पडली, किंवा पदासाठी पात्रता सारखी ठरली, तर निःसंकोचपणे अल्पसंख्याक गटास अग्रक्रम द्यावा, असा तो नियम. २३ एप्रिल १९१२ रोजी वॉशिंग्टन येथे एका इराणी मुत्सद्द्याच्या घरच्या भोजनप्रसंगी अब्दुल बहा यांनी कृष्णवर्णीय वकील लुई ग्रेगरी यांस आपल्या शेजारी बसविले होते. त्या कृतीत जे एका व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून होते, ते या नियमाने मतमोजणीच्या पद्धतीत आणले. प्रेम, संशय, विस्मरण यांपैकी एकही शब्द त्यास लागत नाही.