मालगुडीत बोलीला कुणी हसत नाही

‘मालगुडी डेज’चा विषय निघाला की माझ्या वयाची माणसे आधी एल. वैद्यनाथन यांची धून गुणगुणतात, मग स्वामी झालेल्या मास्टर मंजुनाथची आठवण काढतात आणि ‘काय साधे दिवस होते’ असे म्हणून थांबतात. या मालिकेवरचे बरेचसे लेखनही याच तीन पायऱ्या चढते आणि तिथेच बसते. गेल्या पावसाळ्यात बार्शीटाकळीला घरी बसून मी ही मालिका डीव्हीडीवर सलग पाहिली, शेजारी वही ठेवून पाहिली. त्यातून जे हाती आले ते स्मरणरंजनाच्या बाहेरचे आहे. मालगुडी हे गोड गाव नाही, हे पहिले. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या गावात माणसे हास्यास्पद होतात ती आपल्या वागण्याने, बोलण्याच्या ढबीने नव्हे. वऱ्हाडातल्या माणसाला हा फरक लवकर कळतो, कारण त्याची बोली पडद्यावर आली की हशा ठरलेलाच असतो.

आधी थोडी माहिती. आर. के. नारायण यांना मालगुडी हे नाव सुचले १९३० मध्ये, एका लहानशा रेल्वे स्टेशनच्या कल्पनेबरोबर. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५ साली आली. दूरदर्शनवर मालिका आली ती १९८६ मध्ये. निर्माते टी. एस. नरसिंहन, दिग्दर्शक शंकर नाग. शंकर नागांचे ३९ भाग, आणि २००६ मध्ये कविता लंकेश यांनी केलेले आणखी १५. चित्रण मुख्यतः शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंब्याला झाले. मालगुडीच्या स्टेशनसाठी त्याच जिल्ह्यातले अरसाळू स्टेशन वापरले. तिथे आता रेल्वेने मालगुडीचे संग्रहालय केले आहे. शीर्षकातली रेखाचित्रे नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची.

मराठी वाचकाला यातली दोन-तीन माणसे परकी नाहीत. शंकर नाग तरुणपणी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर रमले होते आणि ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा हात होता. स्वामीचे वडील झालेले गिरीश कार्नाड जन्माने माथेरानचे, आणि ‘उंबरठा’मुळे आपल्याला घरचे. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस तर मुंबईतच मोठा झाला. म्हणजे मालिका दक्षिणेची असली तरी तिच्या पायात मराठी मातीही थोडी लागलेली आहे.

आता पाहण्याविषयी. दूरदर्शनच्या काळात आठवड्याला एक भाग मिळे. मधल्या सहा दिवसांत मन त्या भागाला साखर लावून ठेवी. सलग पाहताना ती सवड मिळत नाही. एकामागून एक गोष्टी सरकतात आणि त्यांच्यातला समान धागा दिसू लागतो. तो धागा निरागसपणाचा नसून पैशाचा आहे, आणि तोही फार थोड्या पैशाचा.

‘फॉर्टी-फाइव्ह अ मंथ’ घ्या. मालिकेत या गोष्टीतला वेंकट राव विष्णुवर्धन यांनी केला. कारकून बाप मुलीला सिनेमाला नेण्याचे वचन देतो. कचेरीतून सुटका होत नाही म्हणून चिडून राजीनामा लिहितो. तेवढ्यात पगारात पाच रुपयांची वाढ झाल्याचे कळते आणि राजीनामा खिशात परत जातो. घरी पोचतो तेव्हा मुलगी नवा झगा घालून झोपलेली असते. इथे खलनायक कुणी नाही. साहेबही दुष्ट नाही. पाच रुपयांनी एका माणसाची संध्याकाळ विकत घेतली, एवढेच घडले. ‘इंजिन ट्रबल’मध्ये एकाला लॉटरीत रोड रोलर लागतो. बक्षीस घरी नेता येत नाही, जागेवर ठेवले तर नगरपालिका भाडे मागते. देवळाचा हत्ती लावून आणि माणसे जुंपून ते ओढायला जावे तर कुणाची तरी भिंत पडते. ‘मिठाईवाला’ दीर्घकथेतला जगन, म्हणजे अनंत नाग, चरखा चालवतो, गीता वाचतो आणि संध्याकाळनंतरच्या विक्रीची रोकड हिशेबाच्या वहीत येऊ देत नाही. त्याचा मुलगा अमेरिकेतून गोष्टी लिहिणारे यंत्र विकण्याची योजना घेऊन येतो, तेव्हा त्याला भांडवल याच खोबणीतून हवे असते. भाडे, पगार, रोकड, नगरपालिकेची नोटीस. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला ही यादी पाठ असते.

गोडपणाचा समज पुरता मोडतो तो ‘लीलाज फ्रेंड’पाशी. सिद्दा नावाचा नोकर घरातल्या लहान मुलीचा खेळगडी होतो. ती त्याला अक्षरे शिकवू पाहते, त्याचे मनगट वळत नाही. मग तिची सोन्याची साखळी हरवते आणि चोरीचा आळ सिद्दावर येतो. तो पूर्वी तुरुंगात जाऊन आलेला आहे, एवढा पुरावा सगळ्यांना पुरतो. शेवटी साखळी चिंचेच्या मडक्यात सापडते. मुलीनेच टाकलेली असते. तरी बाप म्हणतो की असा माणूस घरात ठेवणे बरे नव्हेच. क्षमा मागणे नाही, पश्चात्ताप नाही, आणि गोष्ट तिथेच संपते. या शेवटानंतर ‘साधे दिवस’ म्हणायला जीभ वळत नाही.

या माणसांना आपण हसतो, पण कशाने हसतो? उत्तर शोधताना १९६८ चा ‘पडोसन’ आठवावा लागतो. त्यात मेहमूद यांनी उभा केलेला मद्रासी संगीतशिक्षक अजूनही लोकप्रिय आहे. त्या पात्राचा मोठा विनोद त्याच्या हिंदीत आहे. त्याचा हेल, त्याचे लिंगविचाराचे घोळ, त्याचे उच्चार यांवर हशा घेतलेला आहे. दक्षिणेकडचा माणूस हिंदी पडद्यावर आला की तो कसा बोलेल आणि प्रेक्षक कुठे हसेल, हे त्या काळी जवळपास ठरून गेले होते.

अठरा वर्षांनी शंकर नाग एक अख्खे दाक्षिणात्य गाव हिंदीत आणतात. नट बहुतेक कानडी आहेत. त्यांच्या हिंदीत जागोजागी दाक्षिणात्य हेल ऐकू येतो. पण त्या हेलावर हशा उभा केलेला प्रसंग मला वहीत नोंदवता आला नाही. पोस्टमन, वकील, कारकून, गुराखी, सगळे एकाच साध्या हिंदीत बोलतात. कुणाची भाषा शुद्ध आणि कुणाची गावठी अशी उतरंड नसल्यामुळे भाषेतून काढायचा विनोद बंद होतो. मग लेखक-दिग्दर्शकाला हसू दुसरीकडे शोधावे लागते. ते त्यांना माणसाच्या अडचणीत सापडते, आणि अडचण कुणालाही येऊ शकते. आपण वेंकट रावला हसतो तेव्हा आपला स्वतःचा खिसाही चाचपून पाहतो.

याला एक किंमत मोजावी लागली, हेही सांगितले पाहिजे. नारायण यांनी तमिळ वळणाचे आयुष्य इंग्रजीत लिहिले, शंकर नागांनी ते कानडी मलनाडात नेले आणि हिंदीत बोलवले. कोरड्या उन्हाचे मालगुडी देशातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एकात जाऊन बसले. या प्रवासात मुळातली भाषा पार पुसली गेली. ‘अ हॉर्स अँड टू गोट्स’मध्ये हे ठळक दिसते. म्हातारा मुनी आणि परदेशी साहेब एकमेकांचा शब्द न कळता सौदा करतात. साहेबाला वाटते मातीचा घोडा घेतला, मुनीला वाटते शेळ्या विकल्या. गोष्टीचा सगळा डोलारा मुनीच्या तमिळवर उभा आहे. पडद्यावर ती तमिळ हिंदी होते आणि उत्तरेतल्या प्रेक्षकाला मुनी एकदम आपला वाटतो. गोष्ट चालते, पण मुनीचे जे फक्त त्याचे होते ते जाते.

तरी तुलनेसाठी १९६५ चा ‘गाइड’ डोळ्यापुढे ठेवावा. चित्रपटाने मालगुडी सोडून राजस्थान गाठले, भव्य केले. नारायण यांनी त्यावर ‘मिसगाइडेड गाइड’ हा तिरकस लेख लिहिला. चित्रपटाने गाव टाकून दिले. मालिकेने भाषा टाकली, पण गावाचे माप राखले. दोन्हींत मला दुसरा तोटा परवडणारा वाटतो.

आता आपल्याकडे येऊ. मराठी दूरचित्रवाणीवरच्या विनोदाचे दोन मोठे टप्पे म्हणजे ‘चिमणराव’ आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दोन्हींत दिलीप प्रभावळकर, दोन्ही उत्तम, आणि दोन्ही शहरातले. एक पुण्याचे, एक मुंबईचे. पुस्तकात पाहिले तर मालगुडीच्या सर्वांत जवळ जाते ती द. मा. मिरासदारांची भोकरवाडी. नाना चेंगट आणि बाबू पैलवान हे आपले मालगुडीकरच. पण भोकरवाडी खेडे आहे, आणि पश्चिम महाराष्ट्राचे आहे. आपल्या विनोदाला शहर ठाऊक आहे, खेडे ठाऊक आहे. मधले तालुक्याचे गाव, जिथे तहसील असते, आठवडी बाजार भरतो, पोस्ट असते आणि स्टेशनवर मोजक्या गाड्या थांबतात, ते त्याच्या नकाशावर फारसे नाही.

वऱ्हाडी बोलीचे तर वेगळेच झाले. ‘फू बाई फू’ आणि ‘चला हवा येऊ द्या’मुळे भारत गणेशपुरे यांच्या तोंडून ती घराघरात गेली. त्यांच्या वेळेच्या अंदाजाबद्दल आणि आवाजाबद्दल मला आदर आहे. पण त्या कार्यक्रमांच्या रचनेत ‘काऊन बे’ म्हटले की हशा यावा, अशी सोय आहे. बोलणारा काय म्हणतो याच्या आधीच प्रेक्षक हसतो. २०१६ साली सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये अनिता दाते यांची राधिका नागपूरकडची होती. नायिकेच्या तोंडी विदर्भाची बोली आली, हे मोठे पाऊल होते. पण त्या राधिकेला आपली बोली निर्दोष ठरवण्यासाठी आधी यशस्वी होऊन दाखवावे लागले. मुंबईची मराठी बोलणाऱ्या पात्राला अशी परीक्षा द्यावी लागत नाही.

ही बोली हशाशिवाय उभी राहते, याचा पुरावा साहित्यात केव्हाचा आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते आणि वाचणाऱ्याला हसू सुचत नाही. कारण तिच्याभोवतीची माणसेही तेच बोलतात. मालगुडीचे सूत्र इथे उलट्या बाजूने सिद्ध होते. सगळ्यांची भाषा एक असली की ती विनोदाचे साधन उरत नाही. शंकर नागांनी सगळ्यांना हिंदी दिली, शेळक्यांनी सगळ्यांना वऱ्हाडी दिली. परिणाम एकच झाला. शिवाय शेळक्यांना मुनीसारखी किंमतही मोजावी लागली नाही.

बोलीत विनोद नसावा, असे मी म्हणत नाही. आमच्या गावात तो भरपूर आहे, फक्त वेगळ्या जागी आहे. तहसीलच्या दाराआत माणूस म्हणतो, ‘साहेब, माझं काम अजून झालेलं नाही.’ दाराबाहेर पाऊल पडताच तोच सोबत्याला म्हणतो, ‘मायं काम काई झालं नाई राज्या.’ तोच माणूस पुढे किराणा दुकानात उर्दू मिसळलेल्या हिंदीत उधारीचे बोलतो. तीन दारे, तीन भाषा. हसण्यासारखे आहे ते या बदलण्यात, आणि त्या हसण्याचा रोख दारावर आहे, माणसावर नाही. कुठल्या दाराशी माणसाला आपली जीभ बदलावी लागते, हे पाहणारा विनोद ‘इंजिन ट्रबल’च्या नगरपालिकेचा सख्खा भाऊ ठरेल.

अशा लेखनाला मालगुडीकडून एक गोष्ट मात्र घेऊ नये. मालगुडीचा कॅमेरा कबीर स्ट्रीटच्या ओसरीवरून फार क्वचित खाली उतरतो. नारायण यांच्या जगात जातीची वस्ती धूसर आहे, मशिदीची गल्ली जवळपास नाही. सिद्दासारखा माणूस येतो तो मालकाच्या घरातून दिसेल तेवढाच. बार्शीटाकळीत कालंका देवीचे यादवकालीन मंदिर आणि मुस्लिम मोहल्ले यांच्यामध्ये फार अंतर नाही. इथली गोष्ट एका ओसरीवरून सांगता येणार नाही. सिद्दाच्या घरातूनही कुणीतरी कॅमेरा लावला पाहिजे.

शंकर नाग ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेऱ्याजवळ मोटार अपघातात गेले, वयाच्या छत्तिसाव्या वर्षाच्या आत. ‘मालगुडी डेज’ त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर केली. हाताशी एक पावसाळी गाव होते, काही जुनी घरे होती आणि एक लहान स्टेशन होते. अकोला-पूर्णा मार्गावरच्या आमच्या स्टेशनलाही मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली. साहित्य इथेही कमी नाही. कमी आहे ती वऱ्हाडी माणसाला तोंड उघडू देऊन, हशाची वाट न पाहता, त्याचे वाक्य पुरे ऐकण्याची सवय.