लघुध्वनिमुद्रिकेतील भव्यता : एक लयविचार

मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या बँडची ‘बियाँड द डार्कनेस’ ही लघुध्वनिमुद्रिका २००७ साली प्रसिद्ध झाली. साहिल मखीजा यांनी २००० साली स्थापन केलेल्या या बँडच्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) आणि ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) या दोन दीर्घ मुद्रिकांच्या मध्ये ती येते. त्यामुळे तिच्याकडे केवळ एक दुवा म्हणून पाहिले जाण्याचा संभव आहे. परंतु सिम्फनिक मेटल या प्रकारासंबंधीचा एक मूलभूत रूपविषयक प्रश्न अशा आटोपशीर आकारातच स्पष्ट होतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हा प्रकार भव्यतेवर उभा आहे आणि भव्यतेला सामान्यतः विस्तार लागतो. येथे वाद्यवृंद प्रत्यक्ष नसतो; त्याचा आभास कीबोर्डवरून निर्माण केला जातो. दीर्घ मुद्रिकेत हा आभास केवळ सजावट असला तरी विस्ताराच्या ओघात खपून जातो. लघुमुद्रिकेत मात्र तो रचनेचा घटक आहे की अलंकार, याचा निवाडा टाळता येत नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे उपयोगी पडतात. घशातून काढलेला घोगरा स्वर, द्रुत ढोल आणि त्यांच्यावर पसरलेले संथ स्वरपुंज यांत विरोध उघडच आहे. पण नुसता विरोध म्हणजे लय नव्हे. मखीजा त्याच रचनेत मोकळ्या, स्वच्छ आवाजातही गातात, तेव्हा त्या स्वरपुंजांना संवादी आधार मिळतो आणि समतोलाची शक्यता निर्माण होते. या प्रकारातील रचनेचे यश तिच्या आवाजाच्या आकारमानावर नव्हे, तर या शक्यतेवर अवलंबून असते.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. गीते इंग्रजी आहेत. पण घोगऱ्या गायनात शब्दाचा वाच्यार्थ जवळजवळ लोपतो. ऐकण्याच्या पहिल्या क्षणी मुंबईचा इंग्रजी शिकलेला श्रोता आणि लातूर जिल्ह्यातील जळकोटचा पदव्युत्तर विद्यार्थी बऱ्याच अंशी एकाच पातळीवर असतात. गीताचे मुद्रित शब्द समोर आले की ही समानता संपते आणि भाषिक सत्तेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. समीक्षेने केवळ मुद्रित शब्दांवरून अशा गीताचा अर्थ लावला, तर ती नकळत या विषमतेचीच बाजू घेते.

शीर्षकातील ‘अंधार’ ही युरोपीय मेटलची रूढ प्रतिमा आहे. पुढे २०१७ साली याच बँडने ‘दशावतार’ ही दहा गीतांची मुद्रिका काढली; मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक गीत दिले. नेमाड्यांच्या देशीवादाचा आधार घेऊन कोणी याला स्वदेशी वळण म्हणेल. तथापि नावे बदलल्याने देशीयता सिद्ध होत नाही. कोकणातील दशावतारी खेळात पौराणिक पात्र नटाच्या उत्स्फूर्त संवादांतून, मृदंग-झांजांच्या ठेक्यावर आणि समोरच्या प्रेक्षकांच्या बोलीत उभे राहते. तेथे परंपरा आशयात आहे तशी घडणीतही आहे. म्हणून वराह वा नरसिंह आल्याने बँडच्या लयीत काय बदलले, हाच खरा निकष ठरतो. त्या दृष्टीने २००७ची लघुमुद्रिका अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. तिने उसना अंधार उसना म्हणूनच वापरला आणि आपले सारे बळ घडणीच्या प्रश्नावर लावले.