पलटणीचा हंगाम आणि आपलं अर्धं क्रीडालेखन

हा अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरायला लागलेले असतील. पत्र्याची पेटी, गोधड्या, तवा, एखादी शेळी, लहान लेकरं आणि कोयते. आमच्याकडे ‘हंगाम’ हा शब्द निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुठला कारखाना? आणि त्याच्या पुढचा : उचल किती? वडिलांबरोबर मीही दोन हंगाम फडावर काढले. शाळा तिथंच सुटली. वाचन पुढं आपापलं झालं. त्यामुळे खेळाच्या पानावर ‘प्रो कबड्डीचा दहावा हंगाम’ असं वाचलं, तेव्हा माझ्या मनात हेच दोन प्रश्न उभे राहिले. त्यांची उत्तरं त्या पानावर नव्हती. ती का नसतात, याचा हा शोध.

‘हंगाम’ हा शब्द फारसीतून आला. तिथं त्याचा अर्थ वेळ, समय. मराठीत तो शेतीत रुळला आणि त्याला कामाचा, मजुरीचा, जाण्या-येण्याचा अर्थ चिकटला. ‘फड’ या शब्दाचंही असंच आहे. उसाचा फड, कुस्तीचा फड, तमाशाचा फड : तिन्ही ठिकाणी अंगमेहनत आहे आणि तिन्ही ठिकाणी माणसं ठरावीक काळासाठी एकत्र येतात. तमाशाचा फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो. त्याआधी कलावंतानं फडमालकाकडून उचल घेतलेली असते. म्हणजे करारानं बांधलेला संच आणि त्याचा हंगाम ही कल्पना मराठीला मुळीच परकी नाही. खेळाच्या पानावर मात्र हा शब्द अर्धाच पोचला. वेळापत्रक तिथं गेलं, करार मागं राहिला.

उदाहरण म्हणून पुणेरी पलटणचा तोच दहावा हंगाम घेऊ. ९ आणि १० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. २ डिसेंबरला अहमदाबादेत स्पर्धा सुरू झाली, बारा शहरांतून फिरली आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत संपली. साखळीत प्रत्येक संघाचे २२ सामने. पलटणनं १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले, २ गमावले. ९६ गुणांसह पहिला क्रमांक. उपांत्य सामन्यात पाटणा पायरेट्सवर ३७-२१, अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर २८-२५. आधीच्या हंगामात अंतिम सामन्यात जयपूरकडून हरलेला हा संघ पहिल्यांदाच विजेता झाला.

ही माहिती सगळीकडे छापून आली आणि ती बरोबरच होती. अंतिम सामन्यात पंकज मोहितेनं एका चढाईत चार गुण आणले, त्याचंही वर्णन आलं. पण या संघाचं खरं वैशिष्ट्य एका चढाईत मावणारं नव्हतं. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्यात चढाईचं ओझं वाटलेलं होतं. एक बाद झाला की दुसरा जायचा. सगळं एकाच्या खांद्यावर नसायचं. बचावात इराणच्या मोहम्मदरझा शादलूनं ९९ गुण मिळवले. त्याच वेळी लिलावात सर्वांत जास्त किंमत मिळालेला पवन सेहरावत (२ कोटी ६० लाख ५० हजार) ज्या तेलुगू टायटन्सकडं होता, तो संघ २२ पैकी अवघे २ सामने जिंकून तळाला राहिला. खेळाडू विकत मिळतो, मेळ विकत मिळत नाही. उसाच्या टोळीत राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तोडणारा कितीही चपळ असला, तरी मोळी बांधणारा आणि गाडी भरणारा त्याच्या वेगाचा नसेल तर टनेज भरत नाही.

हा मेळ कसा जमला, हे मराठीत कुणी लिहिलं? राखीव बाकावर अख्खा हंगाम काढलेल्याचे दिवस कसे गेले? शादलूला २ कोटी ३५ लाख आणि लिलावातल्या शेवटच्या गटाची पायाभूत किंमत ९ लाख. हे अंतर एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांत कसं वावरतं? तीन महिन्यांत बारा शहरं बदलताना सुजलेला गुडघा कुणाला दाखवायचा आणि कुणापासून लपवायचा? पुढच्या हंगामात अस्लम जखमी होऊन बाहेर पडला, शादलू लिलावातून हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. तो अंतिम सामना पलटणच्याच पुण्यात, बालेवाडीला झाला. पलटण मात्र बाद फेरीतही नव्हती. हंगाम संपला की संच फुटतो. इतकी मोठी गोष्ट आपल्याकडे दोन ओळींच्या बातमीत निघून गेली.

याचं एक कारण आपल्या आवडत्या साच्यात आहे. तो साचा आम्हा बीडकरांना चांगला ठाऊक आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे धावला, केज तालुक्यातल्या कळंबअंब्याची प्रियंका इंगळे जानेवारी २०२५ मध्ये खो-खोची पहिली विश्वविजेती कर्णधार झाली, बीडच्या सचिन धसनं १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या, की लेख तयार असतो : दुष्काळी जिल्हा, हलाखी, जिद्द, मात. यातलं काही खोटं नसतं. पण या साच्यात गरिबी ही प्रस्तावना असते आणि पदक मिळताच ती संपते. शिवाय गोष्ट नेहमी एकट्याची असते. खो-खोसारख्या खेळात, जिथं खो देणारा नसेल तर धावणारा उठूच शकत नाही, तिथंही आपण एकटीलाच उचलतो. हंगामाला हा साचा चालत नाही. हंगामात मात नसते; त्यात रोजचं काम असतं, हिशेब असतो, सोबत असते.

असं लेखन शक्य आहे का? अमेरिकेतल्या जिम बाउटन या बेसबॉलपटूचं ‘बॉल फोर’ हे पुस्तक मला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं. शब्दकोश शेजारी ठेवून ते मी दोनदा वाचलं. ही १९६९ च्या हंगामाची रोजनिशी आहे. बाउटन एके काळी न्यूयॉर्क यांकीजचा नावाजलेला चेंडूफेक्या. १९६३ मध्ये त्यानं २१ सामने जिंकून दिले होते. मग हात दुखावला. आता तो सिॲटल पायलट्स या नव्या, दुबळ्या संघात, जवळजवळ न फिरणारा, हेलकावत जाणारा चेंडू टाकून पोट भरू पाहतो आहे. संघ १६२ पैकी ९८ सामने हरतो. बाउटनची ऑगस्टमध्येच दुसऱ्या संघाशी अदलाबदल होते. पुढच्या वर्षी पायलट्स हा संघच उरत नाही. तो विकला जाऊन मिलवॉकीला जातो. विजेतेपद नाही, नायक नाही आणि तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही.

कारण ते करारापासून सुरू होतं. पगारासाठी व्यवस्थापनाशी झालेली घासाघीस बाउटन आकड्यांसह लिहितो. त्या काळी करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडंच राहायचा. मालक सोडेल किंवा विकेल तेव्हाच सुटका. १९७० मध्ये पुस्तक आलं, तेव्हा बेसबॉलच्या आयुक्तांनी बाउटनला बोलावून, यातलं लिखाण खरं नाही असं लिहून द्यायला सांगितलं. त्यानं दिलं नाही. गुणफलक छापल्यानं कुणी बोलावत नाही. हिशेब छापला की बोलावणं येतं.

पण या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. बायकांकडं चोरून पाहण्याचे खेळाडूंचे किस्से बाउटन हसत हसत सांगतो. संघ बदलला की घर हलवणारी बायको पुस्तकात आहे, पण कडेला. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा असेल तो अर्धा कोयता. हा हिशेब निर्दयी आहे, पण हंगाम एकट्या पुरुषाच्या बळावर उभा राहत नाही, एवढं तरी त्यात कबूल केलेलं आहे. बाउटनला करार दिसला, उरलेला अर्धा कोयता दिसला नाही. मराठीत असं पुस्तक होईल, तेव्हा ते या बाबतीत त्याच्या पुढं जाऊ शकेल.

लिलाव आणि उचल एकच, असं मला म्हणायचं नाही. लिलावातली किंमत ही कमाई असते, उचल हे कर्ज असतं; एक सर्वांसमोर पुकारली जाते, दुसरी ओसरीवर कुजबुजत ठरते. पलटणचा तो हंगाम चालू असतानाच, जानेवारी २०२४ मध्ये, ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. त्यासाठी संप आणि वाटाघाटी लागल्या. दोन्ही बातम्या हंगामाच्याच होत्या. दोन्ही एका नजरेनं वाचण्याची सवय मात्र आपल्या क्रीडालेखनाला नाही आणि साहित्यसमीक्षेलाही नाही. समीक्षेनं तर खेळाचं पान आपलं मानलेलंच नाही.

फडावर हंगामाची एकच लेखी नोंद असायची : मुकादमाची वही. किती टन, किती खाडे, किती फिटलं, किती राहिलं. आकडे बहुधा बरोबर असायचे, पण वही एकाच बाजूनं लिहिलेली असायची. कबड्डीचा गुणतक्ताही तसाच आहे. माझे वडील त्या वहीवर अंगठा द्यायचे. दुसऱ्या हंगामात मी त्यांच्यासाठी एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर रोजच्या खेपा लिहून ठेवल्या. हिशेबाच्या दिवशी त्यातल्या चार खेपा मुकादमानं मान्य केल्या. संघातल्या पाचव्या-सहाव्या चढाईपटूनं, राखीव बाकावरच्या पोरानं, खो-खोच्या रांगेत बसलेल्या मुलीनं असं एक पान रोज लिहावं. ते छापण्याची जबाबदारी आपल्यासारख्या अंकांनी घ्यावी.